आधी खोली, मग ग्राफिक्स कार्ड

हॉस्टेलवर दोन विषयांवर रात्र रात्र चर्चा चालू शकते. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा म्हणजे "कुठलं कार्ड घेऊ?" पहिल्या प्रश्नावर आजवर कुणालाच तोडगा सापडलेला नाही, म्हणून या लेखात दुसरा प्रश्न घेतला आहे.

गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो? इंटरनेटवर दहा परीक्षणं वाचतो, सर्वांत वरच्या कार्डाचं नाव पाठ करतो, त्याला शोभेल असा प्रोसेसर निवडतो आणि उरलेल्या पैशांत "बाकीचं किरकोळ सामान" बसवतो. या किरकोळ सामानात एसएमपीएस, कॅबिनेट, कूलर आणि यूपीएस येतात. गंमत अशी की परीक्षण लिहिणाऱ्याची खोली साधारण २२ अंशांवर असते, त्याच्याकडे वीज स्थिर असते आणि खिडकीतून धूळ येत नाही. आपलं मशीन बसणार आहे वडूजला!

दीड-दोन लाखांचं मशीन म्हणजे कुणाच्या घरची वर्षाची बटाट्याची पट्टी असते, तर कुणाच्या वडिलांची परगावच्या गलाईच्या दुकानातली शिल्लक. एवढा पैसा एकदाच मिळतो. म्हणून इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे काम इंजिनिअरसारखंच करायला हवं. पूल बांधताना आपण आधी नदीचा पूर विचारतो, मग गर्डर निवडतो. त्याच न्यायाने मशीन जिथे राहणार त्या खोलीपासून सुरुवात करू.

वडूजची डिझाइन कंडिशन

वडूज हे खटाव तालुक्याचं ठिकाण, येरळा नदीच्या काठी. भाग पर्जन्यछायेतला. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो, कोरडा वारा सुटतो आणि त्याबरोबर मातीही येते. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो विजांचा कडकडाट घेऊनच. इथे जे मशीन नीट चालेल ते दहिवडी, विटा, आटपाडी अशा कुठल्याही गावात चालेल. म्हणून आपण वडूजमधलं एक घर उदाहरण म्हणून घेऊ. पत्र्याचं नाही, स्लॅबचं घर, एसी नाही, मे महिन्याच्या दुपारी खोलीत ३९ अंश.

आता पहिलं गणित. समजा, परीक्षणात एका कार्डाचं तापमान ६५ अंश दाखवलं आहे, त्या वेळी खोली २२ अंशांवर होती आणि कार्ड ३०० वॅट खात होतं. म्हणजे कूलरने चिपला खोलीपेक्षा ४३ अंश वर रोखून धरलं. ४३ भागिले ३०० म्हणजे थर्मल रेझिस्टन्स आला सुमारे ०.१४ अंश प्रति वॅट. कूलर तोच, पंख्याचा वेग तोच, वॅटही तेच, तर वडूजच्या खोलीत तापमान येईल ३९ अधिक ४३, म्हणजे ८२ अंश. कॅबिनेटमध्ये हवा कोंडून आतलं तापमान आणखी ५ अंशांनी वाढलं, तर ८७. इथे कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागतं आणि पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडू लागतात. वरच्या दर्जाच्या कार्डाचे पैसे मोजायचे आणि वेग मात्र खालच्या कार्डाचा मिळवायचा, असा हा व्यवहार होतो.

दुसरं गणित त्याहून सोपं आहे. मशीनने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच पडते. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० कार्ड एकटं ५७५ वॅटपर्यंत जातं. प्रोसेसरचे १६० आणि बाकीचे ६० धरले तर झाले ७९५ वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के मानली तर भिंतीतून सुमारे ८८० वॅट घेतले जाणार, वर मॉनिटर वेगळाच. म्हणजे मे महिन्यात बंद खोलीत जवळपास एक किलोवॅटचा हीटर लावून बसल्यासारखं झालं. असं मशीन टिकेलही एखाद्या वेळी, पण पोरगं टिकायचं नाही!

म्हणून एसी नसलेल्या खोलीसाठी आपण सुरुवातीलाच मर्यादा घालून घेऊ. कार्ड ३०० वॅटच्या आसपास आणि सगळं मशीन मिळून ५५० वॅटच्या आत. ही मर्यादा ठरली की पुढची निम्मी चर्चा आपोआप मिटते.

पडद्यापासून सुरुवात

यानंतर कार्ड नाही, मॉनिटर ठरवायचा. कारण कार्डाला किती काम पडणार हे मॉनिटरच ठरवतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० वर ८२.९ लाख. फोर-के पडदा साध्या पडद्याच्या बरोबर चौपट काम मागतो.

त्यात वेळेचा हिशेब मिळवा. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर फक्त ६.९ आणि २४० साठी ४.२. म्हणजे "फोर-केवर २४०" असं म्हणणारा मित्र एकाच वेळी चौपट काम आणि पावपट वेळ मागत असतो.

आपल्या ३०० वॅटच्या मर्यादेत सर्वांत चांगला मेळ बसतो तो २७ इंची, २५६० बाय १४४० चा, १४४ ते १८० हर्ट्झचा मॉनिटर. टेबलावर दोन-अडीच फुटांवरून पाहताना चित्र धारदार दिसतं आणि कार्डाचाही जीव जात नाही. मॉनिटर घेताना व्हेरिएबल रिफ्रेशची सोय आहे ना, ते पाहा. कार्डाचा वेग वरखाली झाला तरी पडदा त्याच्याशी ताल जुळवून घेतो आणि चित्र मधून फाटल्यासारखं दिसत नाही. शिवाय कार्ड तीन-चार वर्षांनी बदलतं, मॉनिटर सात-आठ वर्षं समोर राहतो. डोळेही तेच राहतात!

ग्राफिक्स कार्ड

एकूण पैशांतला सर्वांत मोठा वाटा इथेच जातो, साधारण चाळीस टक्के, आणि तो जायलाच हवा. आपल्या मर्यादेत दोन कार्डं सहज बसतात. एक, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय, कमाल ३०० वॅट. दुसरं, मार्च २०२५ मध्ये आलेलं एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी, ३०४ वॅट. दोन्हींवर १६ जीबी मेमरी आहे. हा १६ चा आकडा महत्त्वाचा. नव्या गेममधल्या भिंती, झाडं, कपडे यांचे टेक्स्चर कार्डाच्या मेमरीत मावले नाहीत, तर ते मुख्य रॅममधून ओढून आणावे लागतात आणि गेम मध्येच अडखळतो. चिप कितीही वेगवान असली तरी त्या वेळी तिचा उपयोग होत नाही.

एकाच चिपची कार्डं अनेक कंपन्या बनवतात. त्यांत फरक असतो तो मुख्यतः कूलरचा आणि वॉरंटीचा. दिव्यांच्या आराशीला भुलू नका. मोठा हीटसिंक, तीन पंखे आणि जास्त वर्षांची वॉरंटी असेल तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. वरच्या गणितातला तो ०.१४ चा आकडा इथेच कमी होतो. तसंच, सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा दहा-पंधरा टक्के खाली आणता येते. वेग त्या प्रमाणात पडत नाही, पण उष्णता मात्र नक्की उतरते. मे महिन्यात ही युक्ती करून पाहाच.

प्रोसेसर: गुऱ्हाळाचा न्याय

ज्यांनी कऱ्हाडकडचं गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना हा भाग शिकवायची गरज नाही. चरक ऊस गाळतो, रस काहिलीत पडतो, चुलवाणावर आटून त्याचा गूळ होतो. चरक मोठा आणि काहील लहान असेल तर रस साठून राहतो. काहील मोठी आणि चरक लहान असेल तर चुलवाणावरचा जाळ फुकट जातो. दिवसाला किती गूळ निघणार ते दोघांतला जो मागे पडतो तो ठरवतो.

प्रोसेसर म्हणजे चरक. कोण कुठे पळतंय, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय काय दिसायला हवं, हे सगळं तो गाळून कार्डापुढे ठेवतो. कार्ड म्हणजे काहील, ते चित्र शिजवतं. पडदा मोठा केला की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं फारसं वाढत नाही. म्हणून फोर-केवर कार्ड मागे पडतं, तर लहान पडद्यावर भरमसाट फ्रेम मागितल्या की प्रोसेसर.

गेमसाठी प्रोसेसर निवडताना कोअर मोजण्यापेक्षा कॅश मोजा. मेसचंच उदाहरण घेऊ. भाजीचं पातेलं काउंटरवर असेल तर वाढायला क्षणही लागत नाही. कोठीतून आणायची असेल तर रांग थांबते. प्रोसेसरच्या पोटातली एल-थ्री कॅश म्हणजे काउंटर आणि रॅम म्हणजे कोठी. कॅशपर्यंत जाऊन यायला काही मोजके नॅनोसेकंद लागतात, रॅमपर्यंत त्याच्या कितीतरी पट. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरला कोअर आठच आहेत, पण एल-थ्री कॅश ९६ एमबी आहे. त्याचा गेममधला दबदबा आहे तो या मोठ्या काउंटरमुळे. बजेट कमी असेल तर एप्रिल २०२३ चा ७८००एक्सथ्रीडी पाहा, कॅश तेवढीच आहे. सॉलिडवर्क्स, रेंडरिंग असली कामंही त्याच मशीनवर भरपूर करायची असतील तर मात्र जास्त कोअरचा विचार करावा.

परीक्षण वाचताना फक्त सरासरी फ्रेम पाहू नका, "एक टक्का लो" हा आकडाही पाहा. एका सेकंदात ६० चित्रं आली, पण त्यातल्या एकाला १०० मिलिसेकंद लागले तर सरासरी छानच दिसते आणि नेमका त्या झटक्यात आपला गडी मरतो. सेमिस्टरची टक्केवारी चांगली आणि एका विषयात केटी, तसाच हा प्रकार.

रॅम, एसएसडी आणि मदरबोर्ड

रॅम ३२ जीबी, आणि ती १६-१६ च्या दोन कांड्यांमध्ये. एकच ३२ ची कांडी घेतली तर मेमरीकडे जाणारा निम्मा रस्ता बंद राहतो. डीडीआर५-६००० ची एक कांडी सेकंदाला कमाल ४८ जीबी वाहते, दोन मिळून ९६. चार खाचा असलेल्या बोर्डवर या दोन कांड्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बोर्डाचं पुस्तक एकदा उघडून पाहावं. तसंच, मशीन पहिल्यांदा चालू झाल्यावर बायॉसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा. ते केलं नाही तर ६००० ची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे कोटेशन जुनं असेल तर रॅमचा भाव पुन्हा विचारूनच बजेट मांडा.

एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत, गेम लवकर उघडतो. पीसीआय-ई ४ ची एनव्हीएमई पुरे झाली. मोठे गेम शंभर जीबीच्या वर जातात, म्हणून एक टीबीच्या खाली जाऊ नका. वेगाचा वरचा आकडा मिळवण्यासाठी पैसे घालण्यापेक्षा जागा वाढवा.

मदरबोर्डावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा मध्यम बोर्ड या प्रोसेसरला पुरतो. पाहायचं ते तीनच गोष्टींत. प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर जाडजूड हीटसिंक आहे का? एसएसडीच्या खाचेवर पत्रा आहे का? आणि मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण आहे का? हे शेवटचं आपल्याकडे फार उपयोगी. बायॉस अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मुका होतो. त्या बटणामुळे पेन ड्राइव्हवरून तो पुन्हा बोलता करता येतो.

एसएमपीएस: न दिसणारा बैल

गाडीला नंदीबैलासारखी झूल घालता येते, पण गाडी ओढतो तो बैल. कुणीही मशीन बघायला आलं की कार्ड बघतं, एसएमपीएस कुणी बघत नाही. पण तो गेला तर जाता जाता कार्ड आणि बोर्डही घेऊन जाऊ शकतो.

आपला हिशेब असा. कार्ड ३००, प्रोसेसर कमाल १६०, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे ६०, एकूण ५२० वॅट. मग ५५० चा पुरेल का? नाही. आजची कार्डं क्षणभरासाठी आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या बरीच वर उसळी मारतात. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलता आला पाहिजे अशी अट घातली. तेव्हा ७५० ते ८५० वॅटचा, एटीएक्स ३.० किंवा त्यानंतरच्या मानकाचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा एसएमपीएस घ्यावा. निम्म्या-पाऊण भारावर तो थंड राहतो, पंखा हळू फिरतो आणि आयुष्य वाढतं.

लेबल वाचायची सवय लावा. "इनपुट १०० ते २४० व्होल्ट" लिहिलं असेल तर गावात व्होल्टेज १७०-१८० वर आलं तरी तो काम करत राहतो. "२०० ते २४०" लिहिलं असेल तर संध्याकाळी मशीन बंद पडण्याची तयारी ठेवा. इथे ईई-ईटीसीवाल्यांसाठी एक गोष्ट. एसएमपीएस हा स्थिर पॉवरचा भार आहे. व्होल्टेज घसरलं की बल्बसारखा तो कमी करंट घेत नाही, उलट जास्त घेतो. भिंतीतून ५७८ वॅट घेत असेल तर २३० व्होल्टला २.५ अँपिअर आणि १६० व्होल्टला ३.६. म्हणून स्वस्तातल्या मल्टिप्लगवर मशीन, कूलर आणि इस्त्री एकत्र लावू नका. वाळलेल्या प्लगमध्ये ठिणगी पडते ती अशाच वेळी.

नव्या बारीक बारा व्होल्टच्या सोळा पिनी कनेक्टरचीही ओळख असू द्या. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० कार्डांवरचे असे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. गणित करून पाहा. ६०० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे ५० अँपिअर, तेही सहा पिनांतून, म्हणजे प्रत्येकीतून आठ अँपिअरच्या वर. कनेक्टर थोडा जरी बाहेर राहिला तरी संपर्क कमी आणि उष्णता जास्त. २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तरीही नियम एकच: कनेक्टर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि त्याच्या तोंडाशी वायर मुरगाळू नका. आपलं कार्ड ३०० वॅटचं ठेवण्याचा हाही एक फायदा आहे.

अर्थिंग, यूपीएस आणि वळीव

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव पुष्कळांना असेल. "थोडा करंट मारतो, चालायचंच" असं म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर गळतीचा करंट जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या मेन्स व्होल्टेजवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, पण पेन ड्राइव्ह किंवा हेडफोन लावताना तोच नाजूक चिपमधून वाट काढू शकतो. शिवाय आत खरोखर शॉर्ट झाला तर वाचवायला काहीच नसतं. म्हणून मशीन घ्यायच्या आधी वायरमनला बोलावून त्या खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल यांची व्होल्टेज जवळजवळ सारखी यायला हवीत. नाही आली तर मीठ-कोळशाचा खड्डा नीट करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत चला. सगळ्या बिल्डमधला हा सर्वांत स्वस्त पार्ट आहे, आणि तो कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

यूपीएस व्हीए बघून घेऊ नका, वॅट बघून घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो. आपलं मशीन भिंतीतून ५७८ आणि मॉनिटर ४० धरून सुमारे ६२० घेणार. म्हणून ९०० वॅटचा, म्हणजे साधारण १५०० व्हीएचा, साइन वेव्ह यूपीएस हवा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर पॉवर फॅक्टर करेक्शन असलेले चांगले एसएमपीएस कधी कधी कुरकुरतात, कधी सरळ बंद होतात. यूपीएस खेळत राहण्यासाठी नसतो. सेव्ह करून शांतपणे बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं.

आणि वळीव आला की? यूपीएसवर विसंबू नका. प्लग भिंतीतून काढा. राउटरचा अडॅप्टर आणि लॅनची वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि लॅनच्या तांब्यावरून थेट मदरबोर्डात शिरते.

हवा आणि धूळ

आता कॅबिनेट. ५०० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही. हवेची घनता १.१ किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता १००५ धरा. ५०० भागिले (१.१ गुणिले १००५ गुणिले १०) म्हणजे सेकंदाला ०.०४५ घनमीटर, म्हणजेच सुमारे ९६ सीएफएम. १२० मिमीचा एक पंखा मोकळ्यावर ५०-६० सीएफएम देतो, पण पुढे जाळी आणि फिल्टर आला की त्यात चांगलीच घट होते. म्हणून समोरून तीन पंखे आत आणि मागून एक बाहेर. समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट आपल्याकडे उपयोगाचं नाही, समोर जाळीच हवी.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत ओढली जात नाही. येईल ती फिल्टरवर अडकते आणि फिल्टर दर पंधरा दिवसांनी झटकता येतो. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरा, नाहीतर ती वाऱ्याने गरगरून बेअरिंग खराब होतं. मशीन जमिनीवर ठेवू नका, केरसुणीची सगळी धूळ त्यालाच मिळते. प्रोसेसरसाठी दोन पंख्यांचा चांगला एअर कूलर घ्या. पाण्याचा कूलर दिसतो छान, पण पंप बंद पडला तर वडूजला दुसरा मिळेपर्यंत मशीन झाकून ठेवावं लागेल. एअर कूलरचा पंखा गेला तर कुठलाही १२० मिमीचा बसतो.

पुण्यातलं एक जुनं उदाहरण

भाग निवडून मोठं मशीन उभं करण्याचं एक उदाहरण आपल्या जवळच घडलं आहे. अमेरिकेकडून सुपरकॉम्प्युटर मिळणं अवघड झालं तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये "परम ८०००" तयार झाला. त्यात एखादा राक्षसी प्रोसेसर नव्हता. इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. त्या प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते, आणि निवड झाली ती याच गुणासाठी. एकट्याने फार वेगात पळण्यापेक्षा सगळ्यांनी एका चालीत पळणं त्या कामाला हवं होतं. आपलं मशीन त्यापुढे खेळणंच आहे, पण धडा तोच आहे. जे मिळतं आणि जिथे चालवायचं आहे, त्याला धरून भागांचा मेळ घालायचा.

खरेदीला जाताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, सगळ्यांना ठाऊक आहे. मल्टिमीटर, चांगला एक्स्टेन्शन बोर्ड असल्या सामानासाठी पुण्याची तपकीर गल्ली आहे. कुठूनही घ्या, पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. बाहेरून आणलेला माल पाच-सहा हजारांनी स्वस्त पडतो, पण त्याला भारतात वॉरंटी नसेल तर ते स्वस्त नव्हे. खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.

जुना माल घेताना जास्त जपा. आपल्या खटाव-खानापूर भागातले गलाईवाले देशभर पसरले, ते काही चमक पाहून सोनं घेत नाहीत, कस पाहून घेतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा दिवसरात्र राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. कंपनीने मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधी झालेली इजा मायक्रोकोडने भरून येत नाही. म्हणून जुनं कार्ड किंवा प्रोसेसर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून, तापमान पाहूनच पैसे द्या.

मशीन एसटीने गावी न्यायचं असेल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात घालून मांडीवर घ्या. दीड-दोन किलोचं कार्ड खाचेत लटकत ठेवून सातारा-पुसेगाव-वडूज प्रवास केला, तर गतिरोधकांचा सगळा हिशेब मदरबोर्डाची खाच चुकती करते.

शेवटचा हिशेब

आपलं मशीन रोज चार तास कमाल भारावर चाललं असं धरलं, तर ६२० वॅट गुणिले ४ म्हणजे सुमारे अडीच युनिट, महिन्याला ७५. घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांचा असतो. घरातले दिवे, फ्रिज, टीव्ही मिळून तो ओलांडला की पुढच्या युनिटांचा दर चढतो. तेव्हा घरी मशीन मागताना हाही आकडा आधीच सांगून टाका. वडील मंडळींना कार्डाचं नाव कळलं नाही तरी युनिट बरोबर कळतात, आणि हिशेब मांडणाऱ्या मुलावर विश्वास बसायलाही मदत होते.

थोडक्यात क्रम असा: खोलीचं तापमान आणि वीज, मग मॉनिटर, मग कार्ड, मग त्याच्या जोडीचा प्रोसेसर, आणि एसएमपीएस, कॅबिनेट, अर्थिंग, यूपीएस यांचे पैसे कार्ड घेण्याआधीच बाजूला काढलेले. बजेट कमी पडलं तर कार्ड एक पायरी खाली आणा, पण एसएमपीएसला हात लावू नका. कार्ड पुढच्या वर्षी बदलता येतं, पण खराब एसएमपीएसने नेलेलं मशीन बदलायला पुन्हा बटाट्याच्या पट्टीची वाट पाहावी लागते.

हॉस्टेलवासीयांना एक सूचना: रूमवर मशीन आणण्याआधी रेक्टर सरांची परवानगी घ्या आणि लोड किती ते वॅटमध्ये सांगा. आणि सबमिशनच्या आठवड्यात प्लग काढून ठेवा, तेव्हा वळीव नसला तरी!